हरकत नाही

रंकाळ्यावर गाडी लावायची तर
आधी सीपीआरला रक्त दिलं,
नखं दाखवली, जीभ दाखवली.
साहेब म्हणाले, टोपी घाला, पाण्याची टाकी झाका,
तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.
मी व्हय म्हटलं. तेलाचं जरा अवघडच.

चौदा आकडी नंबर आला.
पोरानं काचेवर चिकटवला, थोडा तिरका.
शेजारी डॉक्टरचा कागद :
रत्नप्रभा कांबळे,
हिने अन्न हाताळण्यास हरकत नाही.

गिऱ्हाईक ते वाचत नाही.
जादा पाव मागतं, वर कट मागतं.

मी वाचते, रोज, शटर उचलताना.

आईचा कप पाटलाच्या गोठ्यात
वळचणीला खोचलेला असायचा,
कान तुटलेला.
चहा पिऊन तिनंच तो धुवायचा.

मी हात धुते. टोपी घालते.
कट उकळतोय.