सोळा घरांचा ळ

लष्करात सगळी बिलं त्यांना नीलकंठ मूल्ये म्हणत.
विजेचं, पाण्याचं, घरपट्टीचं.
बँकेनं एकदा मूली केलं,
काकू आठवडाभर हसत होत्या.
काका हसले नाहीत. त्यांनी आलेखाची वही आणली.

गिरणी तेव्हा नुकतीच बंद पडली होती.
हिशेबाच्या पैशांतून दिल्लीहून जुनं यंत्र घेतलं,
पंजाब मेलमध्ये मांडीवर, गोधडीत गुंडाळून.
तिकीट तपासनीस म्हणाला, इसमें क्या है?
काका म्हणाले, बाराखडी.
अभी खाली है.

मी नववीत. जनकगंजातली जिन्याखालची खोली.
उभी सोळा, आडवी सोळा घरं,
मी पेन्सिलीनं काळी भरायची,
अक्षरामागे चार आणे.
क झाला, ख झाला,
ज्ञसुद्धा एका दुपारीत मुकाट बसला.
ळ बसेना.
दोन पोटं शेजारी आली
की छापताना एकच डाग,
माशी चिरडल्यासारखा.

मी म्हटलं, काका, ल ठेवा ना.
ग्वाल्हेरात कुणाला कळणार आहे?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"सोळा म्हण. ल लावून."
सोला.
"डोळा?"
डोला.
"बाळ?"
बाल.
"म्हणजे तुझ्या आईनं नऊ महिने केस वाढवले."

त्या जानेवारीत किल्ला आठ दिवस दिसला नाही, इतकं धुकं.
काका रात्री एक घर काळं करत, एक पुसत,
यंत्र करकरे, कागद सरके, डाग पडे.
माझी चार आण्यांची वही भरली होती,
आणि एका अक्षराचे पैसे अजून बाकी होते.

मग एका पहाटे त्यांनी भर घातलीच नाही.
मधला एक ठिपका काढून टाकला.
एवढंच.
तेवढ्या फटीतून पांढरा कागद आत आला
आणि दोन्ही पोटं वेगळी झाली.

पहिलं काय छापलं?
स्वतःचं नाव नाही.
तीळ, गूळ, डाळ, तांदूळ, नारळ.
काकू ती यादी घेऊन दालबाजारात गेल्या.
वाण्यानं उलटी धरून वाचली,
आणि नारळ तेवढा विसरला.

पुढं दहाएक वर्षं समाजाची परिपत्रकं,
मुंजीच्या पत्रिका, खानावळीचे दर,
सगळं त्या ठिपक्यांत.
पैसे कुणी दिले, कुणी चिवडा दिला.
मग खिडक्यांची यंत्रं आली, मग फोन आले,
बाहेरून घडवलेली गुळगुळीत अक्षरं फुकट आली.
काकांच्या तबकड्यांना बुरशी लागली.
आज कुठल्याच यंत्रात त्यांचा ळ नाही.
हे त्यांना माहीत होतं.
मी एकदा हळहळले, तर म्हणाले,
"आला ना? मग झालं."
खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं.
अजूनही पुरतं पटत नाही.

लक्ष्मीगंजाहून परतल्यावर अकराव्या दिवशी
मी महापालिकेत दाखल्याच्या खिडकीशी उभी.
भदौरियाजींनी टाइप केलं: नीलकंठ मूल्ये.
मी म्हटलं, ल नहीं.
म्हणाले, मैडम, ऐसा अक्षर हमारे कम्प्यूटर में नहीं है.
मी वाकले. है, म्हटलं.
शिफ्ट दाबके रखिए. अब वही ल.

ळ.

मागच्या रांगेतला माणूस खाकरला.
भदौरियाजी पडद्याकडे पाहत राहिले,
आपल्याच घरात एक बंद खोली सापडावी तसे.
अक्षर काकांचं नव्हतं.
डावं पोट उजव्याहून फुगलेलं.
ते असते तर म्हणाले असते, एक ठिपका जास्त आहे.

नाव दुरुस्त झालं, शिक्का बसला.
तरी भदौरियाजींनी रिकाम्या ओळीत
उगाच पुन्हा दाबून पाहिलं.
ळ. ळळ.
मग इकडेतिकडे बघत
दोन पुसले.