नऊशे चौऱ्याण्णव साखळ्या

दहा किलोमीटर म्हणजे
नऊशे चौऱ्याण्णव साखळ्या, वर तीन आणे.
हे मला कुणी विचारलं नाही.
डॉक्टर बिरादारांनी स्कूटीच्या काट्यावर रस्ता मोजला,
बिदर रोडला डाळमिलपाशी चुन्याची फक्की मारली
आणि पावतीपुस्तकं वाटली :
धावा उदगीरसाठी, रुपये तीनशे फक्त,
सरकारी दवाखान्यात डायलिसिसची दुसरी खुर्ची.

मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस
रस्त्यावरून नुसता चालत नाही.
माझी तेरा पावलं म्हणजे एक साखळी.
आदल्या संध्याकाळी चालून आलो.
जाताना पंधरा साखळ्या कमी, येताना पंधरा.
मुजीब हॉटेलात बसला होता,
त्याला पाणी मोजून प्यावं लागतं,
अर्धा कप चहा तासभर पुरवतो.
म्हणालो, तीस साखळ्या खाल्ल्या रे डॉक्टरनं.
तो हसला. म्हणाला, चांगल्या कामासाठी खाल्ल्या, साहेब.

मला साठ मिनिटांच्या आत यायचं होतं.
साठीच्या आत, साठच्या आत,
असं बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली
गुडघ्याला विचारलंत का.
दिवाळीपासून पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर
कुत्री आणि मी.

सकाळी छातीवर दोनशे बारा नंबर.
शाळेची पोरं सुटली बाणासारखी
आणि नांदेड नाक्यालाच कंबरेवर हात ठेवून उभी.
आश्रमशाळेची एक पोरगी अनवाणी,
बूट हातात धरून पळायली होती,
नवे आहेत, म्हणाली, खराब होतील.
डाळमिलचा तुरीच्या फोलपटाचा वास
घशात भुकटीसारखा बसला.
तिथं वळलो तेव्हा एकोणतीस बावन्न.
परतीला ऊन समोर, चढ पायाखाली,
मांडीत कुणीतरी खुंटी ठोकत होतं
आणि मी साखळ्या मोजत होतो,
सातशे दहा, सातशे अकरा.

गट नंबर एकशे सत्तेचाळीस.
बावीस वर्षं झाली.
बांधावर मोठा माणूस छत्री धरून उभा,
पलीकडच्या बांधावर एक बाई, तिच्याकडे छत्री नव्हती.
मी साखळी ढिली धरली.
चार आणे फक्त. झोळ दिसतही नाही लांबून.
दुसऱ्या टोकाला मुजीब होता.
त्याच्या हाताला कळलं असणार.
तो काही बोलला नाही.
दुपारी फक्त माझ्या डब्यातली भाकर घेतली नाही,
रोजा आहे, म्हणाला.
रमजान संपून महिना झाला होता.

कमानीखाली घड्याळ : एकोणसाठ चाळीस.
टाळ्या. पदक घेऊन बाई पुढे आल्या.
मी मान वाकवली नाही.
पळत राहिलो.
पोह्यांच्या पातेल्यावरून, केळीच्या क्रेटवरून,
माईकवर डॉक्टर ओरडत होते,
हुडगे साहेब, संपली शर्यत, थांबा!
कुणीतरी म्हणालं, घाईची लागली असंल त्यांना.
सगळे हसले. मलाही हसू आलं असतं,
पण श्वास पुरत नव्हता.

तीस साखळ्या.
शाळेची भिंत, रसवंतीचा बंद गाडा,
आणि जुन्या जकात नाक्यापाशी, लिंबाखाली,
चुन्याची एक वाकडी रेघ.
रेघेवर मुजीब उभा,
सुया टोचून फुगलेला डावा हात छातीशी,
उजव्यात माझ्या पोराचा मोबाईल.

एक तास, एक मिनिट, एकतीस.

किती लिहू, साहेब?
आहे तेच लिही.
त्यानं पावतीच्या मागं लिहिलं,
सावकाश, जुन्या सवयीनं तारीख टाकून,
खाली सही घेतली माझी.
मी लिंबाला धरून ओकलो थोडा.
त्यानं पाठीवर हात ठेवला, मग काढला.

उद्या सोमवार. साडेपाचची लातूर गाडी,
सुई, चार तास, परत.

मी खाली बसलो मातीत.
तोही बसला, हाताला जपत.
समोरून पदकवाल्या बाई येत होत्या, धापा टाकत.
डबा आणलाय का, म्हणाला.