टांगणी

मोन्तेविदेओच्या बंदरामागं लोकरीचं गोदाम होतं,
आता तिथं शनिवारी नाच असतो.
तुळयांना अजून मेंढीचा वास येतो, दमट दिवशी जास्त,
आणि ओदिला बेंतान्कोर वर चढली की
तुळईला आधी हात लावत नाही, नाक लावते.
गंजाला वास असतो, म्हणते.
मला कधी आला नाही.

खाली टेबल. त्यावर खिसे रिकामे करायचे:
किल्ल्या, नाणी, फोन, यामान्दूची शिट्टी,
आणि काखेतला थर्मास.
या देशात माणूस लग्नालाही, मयतालाही
कडू चहाचा थर्मास काखेत घेऊनच जातो,
पण ओदिलाच्या शिडीपाशी तो उतरवतो.
वर नेलेली वस्तू एकतर दोरीनं बांधलेली असते,
नाहीतर पडायला निघालेली.

बारा स्पीकर, एकाखाली एक,
केळीच्या घडासारखे वाकलेले.
एकेक अठ्ठावन्न किलो. शिवाय चौकट, साखळ्या, केबल.
मी बेरीज केली: सातशे साठ.
हे झोपलेलं वजन, ती म्हणाली.
मोटर थांबते तेव्हा ते दचकून जागं होतं,
तेवढ्या क्षणापुरतं किती होतं, सांग.
मी गप्प.
म्हणून हातचा राखायचा, ती म्हणाली,
आणि हातचा म्हणजे एक नव्हे.

शॅकलची पिन हातानं आवळायची,
मग बारीक तारेनं तिचं तोंड बांधायचं,
कारण बास सुरू झाला की लोखंडही सैल बोलू लागतं.
साखळीशेजारी आणखी एक पोलादी तार,
झोल जवळजवळ नाही, भारही नाही.
जन्मभर बेकार राहावं, हीच तिची नोकरी.

चौथ्या तुळईत कडीचा एक जुना बोल्ट होता,
तुळईच्याच रंगानं रंगवलेला.
कोणी बसवला, कुणालाच आठवेना.
त्याच्यावर आकडा नाही, खूण नाही.
सहा वर्षं यालाच टांगतोय, फागुन्देस म्हणाला.
सहा वर्षं तुझं नशीब टांगलंयस, ओदिला म्हणाली.
तो ओरडायला लागला तेव्हा तिनं डावा कान पुढं केला.
त्या कानानं तिला ऐकू येत नाही.

तिच्या अवजारपेटीचं झाकण म्हणजे एका खुर्चीची पाठ आहे,
पायसांदूच्या क्लबातली.
दुपारी चारची वेळ, रिकामी होती म्हणून नुसती खुर्चीच.
याहून जास्त ती सांगत नाही.
फागुन्देससमोर तिनं पेटी उघडली
आणि एक पाना शोधायला फार वेळ लावला.

डावा घड जमिनीवरच राहिला.
नाच तासभर उशिरा. लोकांनी शिट्ट्या मारल्या,
त्यांतली एक बहुतेक यामान्दूची.

मग एक बाई, चपला हातात घेऊन,
बरोबर उजव्या घडाखाली येऊन थांबली,
डोळे मिटून, तोंड वर करून,
नळाखाली धरावं तसं.
जीव टांगणीला लागला तो माझा.
तिचा लागू नये, याचेच तर पैसे मिळतात.
गाणं कुठलं होतं विचारू नका,
मी हुक बघत होतो.

पहाटे तीनला सगळं उतरवून, मोजून, थैल्यांत भरून झालं.
ओदिलानं तो बोल्ट काढून शेगड्यात धरला
आणि करवत लावली:
टाकलेलं अर्धं ठेवलं तर कुणीतरी काटकसरी माणूस
उद्या तेच पुन्हा वर चढवतो.
रिकाम्या गोदामात करवतीचा आवाज
दोन्ही बाजूंनी परत येत होता,
आणि ती चांगला कान तिकडं करून ऐकत होती.

दोन तुकडे झाले. आतून लख्ख.
एकही चीर नाही, एक काळा ठिपका नाही.
फागुन्देसनं एक तुकडा उजेडात धरला.
चांगला होता की गं हा, तो म्हणाला.

हो, ओदिला म्हणाली, आता कळलं.

आणि टेबलावरचा थर्मास उचलून
तिनं गार झालेलं पाणी
आधी त्यालाच ओतून दिलं.