अंगठा लागत नाही

यंत्रानं आधी अंगठा मागितला,
नोंदणीसाठी.
द्रुपदाबाई रेडकरांनी डावा दिला.
उजवा मांडीवर होता,
दुसऱ्या कुणाची पिशवी सांभाळायला घ्यावी तसा.

काच पुसली. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही.
सव्वीस वर्षं काजूच्या कारखान्यात,
टरफलातल्या तेलानं बोटांवरच्या रेषा
कधीच खाऊन टाकलेल्या.
'आधारच्या वक्ताक पण ह्याच झाला,'
त्या म्हणाल्या, अर्ध्या तोंडानं.
मी नाव हातानं टाइप केलं.

वेंगुर्ल्यातल्या ह्या दोन खोल्यांत
एक पंखा, पाण्याचं मडकं,
आणि खोक्यातून आलेला राखाडी पंजा,
पाच दोऱ्यांचा, आतून मऊ.
त्याचं काम एवढंच:
कोपराखाली चिकटवलेल्या पट्ट्यांतून ऐकत बसायचं,
स्नायूत काही कुजबुज उठते का,
उठली की उरलेलं आपण करायचं.

नऊ दिवस काही उठलं नाही.
मी चेंडू दिला, प्लास्टिकचा पेला दिला,
कपड्यांचा चिमटा दिला.
'हात माझोच गो, पण आयकता खंय?'

दहाव्या दिवशी सुनेच्या पिशवीतून
एक काजूची बी घरंगळली, सालासकट.
बाईंनी ती डाव्या हातानं उचलली
आणि टेबलाच्या कडेला उभी धरली,
जिथं पातं असायचं.
डावा बी ठेवतो, उजवा दांडा ओढतो.
पडद्यावर उजव्याचा
एक केस उभा राहिला.

प्रोग्रामनं तो गोंगाट म्हणून पुसला.
ज्या हातांवर तो शिकून आला
त्यांत दांडा ओढणारा हात नसावा.
मी गाळणी सैल केली.
चाळीसदा बी, चाळीसदा केस.
त्यातले अकरा त्याला पटले.

मग पंजा शिकत गेला,
आणि शिकला म्हणजे काय,
तर मदत कमी करू लागला.
एका मंगळवारी सत्तर टक्के, पुढच्या पंचावन्न.
एकदा तर अर्ध्यावर थांबूनच राहिला, वाट बघत,
तेव्हा बाईंनी त्याला कारखान्यातली एक शिवी दिली,
स्पष्ट, एकही अक्षर न गाळता.

घरी रसिका घास भरवते.
वेणी घालते, पदर खोचते,
तहान लागायच्या आत पेला ओठाशी.
तिला कसं सांगायचं
की ह्यातलं थोडं थोडं
दर आठवड्याला उतरवत न्यायचं?
सांगितलं.
ती रडली नाही, रागावली.
'लोक काय म्हणतले? सासूक बघणा नाय?'
आणि मला उत्तर आलं नाही.
यंत्राला शेजारी नसतात.

आज शेवटची तपासणी.
यंत्रानं परत अंगठा मागितला, सवयीनं.
बाईंनी ह्या खेपेला उजवा उचलला,
खांद्यापासून, मनगट लोंबकळत,
टेबलाच्या कडेला अडकला, सुटला.
रसिका उठली होती, बसली.
मी माझे दोन्ही हात
खुर्चीखाली धरून ठेवले.

काच लाल झाली. अंगठा जुळत नाही.

'नाय तर नाय,' त्या म्हणाल्या,
आणि तो तसाच राहू दिला काचेवर,
काढायची काही घाई नव्हती.