चाचणी-वाक्य एकेचाळीस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कार्यालयाच्या मालकांनी
सगळ्यांचे आभार मानले होते,
मांडववाले, सनईवाले, भटारखान्याला लाकडं पुरवणारे,
आणि पान बावीसवर, चौकटीत,
"आमच्या आचार्यांची नावे".
चौथं नाव अण्णांचं. भिकाजी विनायक खांबेटे.

अण्णांनी भिंग धरलं. मग चष्मा वर सरकवून
उघड्या डोळ्यांनी पाहिलं.
"चाळीस वर्षं कढईपुढे उभा राहिलो,
शेवटी आचार्य केलंच यांनी."
हसले. शेंगा सोलत राहिले.
मग म्हणाले,
"पण मग आमटीत मीठ कुणी घातलं?"

मुद्रितं मीच तपासली होती.
माझ्या कागदावर तो होता.
छापखान्यातल्या मशीनने फाइल उघडली
आणि वाटेत कुठेतरी गळला.

आमच्या वेळी तो एक खिळा होता,
केसच्या डाव्या कोपऱ्यातल्या खणात,
शेवईच्या तुकड्याएवढा.
कुदळे कंपोझिटर श्वास धरून चिमट्याने उचलायचे.
सगळ्यांत आधी झिजायचा तोच,
मोडायचा, फरशीच्या फटीत जायचा,
आणि कुदळे अख्ख्या नारायण पेठेला ऐकू जाईल असे
"शेवई सापडल्याशिवाय कुणी चहाला जायचं नाही!"
सापडायचा. बोटाला लागायचा.
शिसं होतं.

आता आठवड्यातून तीन दिवस बाणेरला जाते,
काचेच्या इमारतीत, फाँट तपासायला.
तौसिफ अत्तार, माझ्या धाकट्याहून लहान,
भवानी पेठेतून स्कूटरवर येतो
आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागतो.
"मॅडम, याला आत यायला दोन दारं आहेत.
एक म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा,
मागे एक जोडक ठेवायचा, ज्याची रुंदी शून्य.
दुसरं, हा नुक्त्याचा ऱ,
दक्षिणेकडच्या एका उच्चारासाठी ठेवलेला.
त्याचा पाय मोडला की आपला निघतो."
"म्हणजे पाहुण्याच्या ताटात जेवतो आपला."
"तसंच. पडद्यावर दोघं सारखेच दिसतात.
पण एका दाराने आलेल्याला
दुसऱ्या दारातून हाक मारली, तर ओ देत नाही."

स्मरणिकेची फाइल मागवली. शोधात टाकलं, आचाऱ्यांची.
काही सापडले नाही.
जोडक घालून टाकलं.
काही सापडले नाही.
मन घट्ट करून रफाराने टाकलं.
पान बावीस.

रफारावर राग नाही माझा.
सूर्याच्या, धैर्याच्या डोक्यावर तो शोभतो.
पण पर्वतीच्या पायऱ्यांवर चढवला
की ठेच लागते जिभेला,
आणि सह्याद्रीच्या दऱ्यांवर चढवला
तर एका झटक्यात दर्या होतो,
ताम्हिणीत गलबतं लागतात.

रात्री अण्णांना सांगितलं. ते पोळी ताकात कुस्करत होते.
जोडकाबद्दल पुन्हा विचारलं.
"दिसत नाही?"
नाही.
"जागा?"
शून्य.
"आणि घालायचं राहिलं तर?"
पंगत उठते, अण्णा.
"हं."
बराच वेळ वाटीतच बघत होते.
"किती, केव्हा, ते लिहून ठेवा म्हणावं कुठेतरी.
नव्या पोरांना अंदाज नसतो."

लिहून ठेवलंय.
तौसिफने सगळ्यांकडून वाक्यं मागवली होती,
लोकांनी वारे दिले, तारे दिले, किनाऱ्यावरच्या होड्या.
माझं एकेचाळिसावं:
आचाऱ्यांनी मीठ घातले.
नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी, दर वेळी,
यंत्र ते जुळवतं, ठेवलेल्या चित्राशी ताडून बघतं,
ठिपक्याचा फरक निघाला तरी लाल.

काल संध्याकाळी लाल आलं.
"शेवई एक ठिपका वर सरकलीय," तौसिफ म्हणाला,
आता तोही शेवईच म्हणतो,
"किरकोळ आहे मॅडम. पुढच्या वेळी बघू?
खाली सगळे थांबलेत."

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.
कुणी चहाला जायचं नाही, म्हटलं.