संथ दारू

हनोख झिराडकरांचा काटा वर्षातून दोनदा बिघडतो,
म्हणजे बिघडत नाही, त्यांना तसं वाटतं,
आणि मी झवेरी बाजारातून वजनांची पेटी घेऊन
बझारगेटच्या त्या तिसऱ्या मजल्यावर चढते.
पंखा बंद. खिडकी बंद. श्वाससुद्धा बेताने,
कारण काटा गुंजेच्या कितव्या तरी हिश्श्याने हलतो.
"दारू म्हटली की या शहरात
दोन्ही प्रकारांना परवाना लागतो,"
हा एवढाच विनोद ते करतात. दर वेळी.

या खेपेस टेबलावर जोडनळीची रायफल होती,
शंभरी उलटलेली,
कुणा संस्थानिकाच्या पणतूची.
त्याला शिकार नको होती. रक्त बघवत नाही म्हणाला.
फक्त एकदा तिचा आवाज ऐकायचा होता.

काडतूस माझ्या अंगठ्याहून जाड.
जुनं एक त्यांनी उकललं होतं,
बशीत कॉर्डाइटच्या काड्या:
शेवया, अगदी शेवया,
उन्हात विसरून पिवळ्या पडलेल्या.
"या आता कुणी वळत नाही."

मग डबे.
काळी, गंधकाची, या नळ्यांच्या आजोळची.
पण धूर असा की निशाण दिसायला वाट बघावी,
आणि त्याच रात्री साबणाच्या पाण्याने धुतलं नाही
तर मुंबईची हवा सकाळपर्यंत लोखंड खाते.
दुसरी चपळ. चिमूटभर पुरते.
"हेच तिचं वाईट," ते म्हणाले.
एवढ्या थोरल्या घरात चिमूटभर दारू लोळत राहते,
आणि हात चुकून दोनदा ओतली
तरी घर भरलेलं दिसत नाही.
तिसरी संथ,
पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे असावेत तसे दाणे.
तिच्यावर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प.
"म्हाताऱ्याला जिना चढवताना
पाठीत गुद्दा घालतात का?
कमरेला हात लावायचा."

वर उरली पोकळी.
तिथे सावरीचा कापूस, चिमट्याने, अलगद,
दाणे जागचे हलू नयेत म्हणून.

मी विचारलं, दोन नळ्या, मग मारतात एकाच जागी?
त्यांनी चष्मा काढला.
समांतर दिसतात. नाहीत.
एकमेकींकडे किंचित कलवून सांधलेल्या,
एका ठरावीक दारूच्या वेगावर.
वेग कमी पडला की गोळ्या फाकतात,
जास्त झाला की एकमेकींना ओलांडून जातात.
"सांधणारा केव्हाच मातीत गेला,
या अजून त्याच्याच शब्दावर आहेत."

बाबा आणि काका यांच्याबद्दल
मी काही बोलले नाही.
वजनं पुसली, पेटी मिटली.

पुढचं त्यांनी फोनवर सांगितलं.
पहिल्या रविवारी दोन भोकांत चार बोटांचं अंतर.
मग वही, खोडरबर, पुन्हा काटा.
दुसऱ्या रविवारी दोन बोटं.
पावसाने एक रविवार खाल्ला.
मग एकदा अशी पडली
की वर जुना रुपया ठेवला तर झाकतील.
पणतूने कानातला कापूस काढला
आणि म्हणाला, "एवढाच?"

नंतर बिलाचे पैसे आणायला गेले
तेव्हा कपाटामागे चौथा डबा सापडला होता,
नावाचा कागद दमट होऊन गळालेला.
वास ठीक. रंग ठीक. मला वाटलं, वापरतील.
"नाव नसलेली दारू पाहुण्यालाही देऊ नये,
बंदुकीला तर नाहीच,"
म्हणत त्यांनी खिडकी उघडली
आणि कुंडीतल्या मातीवर
मीठ भुरभुरावं तशी थोडी टाकली.
मातीला ती आवडते म्हणे.
तो कढीपत्ता एवढा का माजलाय
हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

दोन डहाळ्या मोडून त्यांनी कागदात गुंडाळून दिल्या.
घरी आणल्या, धुतल्या, पुन्हा धुतल्या.
फोडणीत टाकायला
दोन दिवस धीर झाला नाही.