तू हाक मारलीस?

हेरंबचे आवाज गुजराती बोलतात.
हे मला कळायला चार वर्षं लागली.
दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
सगळं मराठीत चालतं, भांडणं, हिशेब, आरती,
पण ते दोघे, एक बाई आणि एक दुकानदारासारखा पुरुष,
त्याचं सगळं एकमेकांना सांगत बसतात:
जो, हवे ए चंपल पहेरे छे.
जो, हवे ए पाणी पीशे.
मग तो पाणी प्यायचा नाही.
आम्ही म्हणायचो, हट्टी आहे.

तसं आम्ही बरंच काय काय म्हणायचो.
महिनाभर अंघोळ टाळली तेव्हा आळशी.
मावशी गेली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, तेव्हा दगड.
बसच्या पाटीवरचा आकडा
आपल्यासाठीच लिहिलाय म्हणाला, तेव्हा हसलो.
सगळे. मी जरा जास्तच.

करेलीबागेत डॉक्टरीणबाईंनी
लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं:
दिवसभर कोणी तुमच्या मागे
तुमचंच धावतं वर्णन करत फिरलं,
तर तुम्ही किती बोलाल?
किती अंघोळी कराल?

आता गोळ्या आहेत.
हात थरथरतो, चहा बशीत सांडतो,
पोट सुटलंय,
दुपारी आडवा होतो तो दिवेलागणीलाच उठतो.
आवाज गेले नाहीत.
शेजारी राहायला गेलेत, म्हणतो,
भिंत पातळ आहे.

आमचा एक नियम ठरलाय.
शंका आली की तो विचारतो, तू हाक मारलीस?
आणि मी खरं सांगायचं.
दया आली म्हणून खोटं नाही.

परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.
आईनं हाक मारली, म्हणाला.
मराठीत.
आमटी निवतेय, ये.

आईला जाऊन दोन वर्षं झाली.
नियमाप्रमाणे मी लगेच नाही म्हणायला हवं होतं.
मी गॅस बंद केला.
ओट्यावर सांडलेली मोहरी बोटानं गोळा केली.
विचारलं, आवाज कसा होता रे?
मला हल्ली आठवत नाही.

त्यानं बराच वेळ घेतला.
सर्दी झाल्यासारखा, म्हणाला.
आणि मग, माझ्याकडे न बघता,
नव्हती ना ती?

नव्हती, मी म्हटलं.

आमटी मात्र खरंच निवली होती.
परत गरम केली.